तुम्हाला नेमले कोणी?

पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यात झाला आणि २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, ते वारले. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणत, आणि आज या टोपणनावामागचे खरे नाव अनेकांना आठवतही नाही. पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक आणि दिल्ली दरबारात खादी घालून गेलेले गृहस्थ, एवढ्या दोन वाक्यांत पाठ्यपुस्तक त्यांना आटोपते. नामवंत वकिलाने फावल्या वेळात समाजकार्य केले, याला एवढे महत्त्व का द्यावे, या प्रश्नाला मात्र आदराने लिहिलेल्या चरित्रांत सहसा उत्तर सापडत नाही. म्हणून इथे शास्त्रचर्चेची जुनी रीत धरली आहे. पूर्वपक्ष आपले आक्षेप पुरत्या जोराने मांडील, मग उत्तरपक्ष बोलेल. उत्तरपक्षाचे मत ते प्रस्तुत लेखकाचे मत. पूर्वपक्षाचे जे खरे वाटले ते तिथल्या तिथे मान्य केले आहे.

पूर्वपक्ष: काकांसारखा वकील प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक तरी असतोच. चालती वकिली, प्रशस्त वाडा, वाचनालयाचे अध्यक्षपद, शाळेच्या नियामक मंडळावर जागा, देवस्थानाचे विश्वस्तपद. तो गेला की बाररूममध्ये शोकसभा होते आणि ‘कुटुंबवत्सल’, ‘समाजाभिमुख’ ही विशेषणे वाचून दाखवली जातात. पण त्याची मिळकत येते कुठून? दुसऱ्यांच्या भांडणांतून. काकांच्या काळात तर हे अधिकच बोचणारे आहे. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि दस्तऐवज ओढून काढून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगासमोर जे आले ते असे, की कुळाला कोर्टाचा समन्स कळत नाही, कळला तर तो हजर राहत नाही आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जाते. हे यंत्र ज्या कचेऱ्यांत चालत होते, त्याच कचेऱ्यांवर वकिलांची पोटे भरत होती. तिथे मिळवलेल्या पैशातून कोणी सभा काढली म्हणून ती लोकसेवा होत नाही. तुम्ही काकांना या साच्यातून वेगळे काढून दाखवा, मग पुढे बोलू.

उत्तरपक्ष: साचा तुम्ही बरोबर ओळखलात, आणि काका दानधर्म करीत एवढेच आमचे म्हणणे असते तर वाद इथेच संपला असता. पण सभा निघाली कशी ते पाहा. पर्वतीचे देवस्थान नानासाहेब पेशव्यांच्या काळचे. १८७० च्या आगेमागे त्याचा कारभार पंचांकडे होता आणि त्या कारभाराविषयी शहरात कुरकुर होती. काकांनी ती तक्रार हाती घेतली तेव्हा त्यांना प्रतिप्रश्न आला, की लोकांच्या वतीने बोलणारे तुम्ही कोण, तुम्हाला नेमले कोणी. असा प्रश्न आला की पुढारी सहसा दुखावतो, आपली प्रतिष्ठा, घराणे किंवा विद्या पुढे करतो. काकांनी त्या प्रश्नाकडे वकिलाच्या नजरेने पाहिले. ज्याच्याजवळ पक्षकाराची सही नाही त्याचे कोर्टात कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये, हे त्यांना रोजच्या धंद्यात ठाऊक होते. ते सह्या गोळा करायला निघाले. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या ९५ सभासदांच्या मागे सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे होती. सभासद व्हायचे तर निदान ५० प्रौढ माणसांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियमच ठरला. हे केव्हा घडले ते ध्यानात घ्या. १८६१ च्या कायद्याने कायदेमंडळांत जे मोजके हिंदी गृहस्थ आले ते सरकारने नेमलेले होते. पुण्याच्या नगरपालिकेत लोकांनी निवडलेले सभासद यायला १८८३ साल उजाडावे लागले. १८८५ च्या पहिल्या काँग्रेसला आलेले बहुतेक प्रतिनिधी आपणहून आले होते; त्यांच्यामागे मतदारांची यादी नव्हती. कोणाच्या वतीने बोलायचे असेल तर त्याची लेखी संमती दाखवली पाहिजे, हा दंडक एका जिल्हा-वकिलाने कोर्टातून उचलून सार्वजनिक जीवनात आणला. काकांचे वेगळेपण इथे आहे. वकिली बाजूला ठेवून त्यांनी समाजकार्य केले नाही. त्यांचे समाजकार्य वकिलीच्या नियमांवर उभे होते.

पूर्वपक्ष: नियम देखणा आहे. पण मुखत्यारपत्रावर सह्या कोणाच्या होत्या? सरदार, इनामदार, सावकार, पेन्शनर, शास्त्री आणि वकील यांच्या. अध्यक्षस्थानी औंधचे पंतप्रतिनिधी. त्याच शहरात १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि ‘सार्वजनिक’ म्हणवणाऱ्या या सभेत शूद्र-अतिशूद्र आहेत कुठे, हे पुढे सडेतोडपणे विचारले. कुणब्याने सही केली नाही, महार-मांगांकडे ती मागायला कोणी गेले नाही, बायकांचा तर विचारच नव्हता. ज्यांना आधीच आवाज होता त्यांनी एकमेकांना मुखत्यारपत्रे दिली आणि तो सगळ्या दख्खनचा आवाज म्हणून सरकारपुढे ठेवला. कोर्टात असे वकीलपत्र कोणी दाखल केले असते तर न्यायाधीशाने ते बाजूला सारले असते.

उत्तरपक्ष: हा आक्षेप आम्ही खोडत नाही. सभा वरच्या थरातल्या लोकांची होती आणि फुल्यांची टीका तिच्या वर्मावर होती. सभेची बाजू घेणारे इथे सांगतात की सभेने १८७३ पासून शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली, १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती जमवून सरकारला वेळोवेळी कळवली आणि १८७८ पासून आपल्या त्रैमासिकातून शेतसाऱ्याचे हिशेब मांडले. हे सगळे खरे आहे आणि मोलाचेही आहे. पुराव्याशिवाय तोंड उघडायचे नाही, ही सवयही कोर्टातलीच. पण कुळाविषयी माहिती जमवली म्हणून कुळाने सभेला नेमले असे होत नाही. ते अंतर या कामाने भरून निघत नाही आणि तसा दावा आम्ही करणार नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. या सभेत कोण नाही, असा हिशेब मागता येतो तो यादी असलेल्या संस्थेकडे. जहागीरदार जन्माने लोकांचा धनी असतो, धर्मगुरू परंपरेने त्यांचा वाली असतो. त्यांच्यापुढे हा हिशेब मांडायला जागाच नसते, कारण त्यांनी कोणाची सही घेतल्याचे कधी सांगितलेले नसते. काकांच्या सभेने अधिकार संमतीवर टेकवला, आणि मग ज्यांची संमती घेतली नाही त्यांची अनुपस्थिती झाकून ठेवणे सभेला अवघड झाले. फुल्यांना हा प्रश्न काकांनी शिकवला असे कोणी समजू नये. तो त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आणि लढ्यातून आलेला होता. तरी त्या दोघांच्या भूमिका शेजारी ठेवल्या की पूर्ण तत्त्व दिसते. प्रतिनिधीने संमती दाखवावी, हे काकांच्या कृतीतून आले. ती संमती सगळ्यांची हवी, हे फुल्यांच्या टीकेतून आले. पहिल्यावाचून दुसरे अडते आणि दुसऱ्यावाचून पहिले पोकळ राहते.

बायकांचा विचारच नव्हता, हे मात्र पुरते खरे नाही. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ मध्ये पुण्यात स्त्री-विचारवती सभा काढली आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींच्या बायकांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. एवढ्याने सार्वजनिक सभेतली उणीव भरून निघत नाही, पण घर आणि समाज यांच्या नात्याविषयी त्यातून काही कळते. कर्त्या पुरुषाने बाहेर नाव कमवावे आणि घरच्यांनी त्याची ऊठबस सांभाळावी, ही त्या काळची सर्वमान्य चाल होती. ‘कुटुंबवत्सल’ म्हणवणारे बहुतेक पुरुष त्या चालीत सुखाने बसत. जोश्यांच्या घरात बायकांच्या वतीने नवरा बोलला नाही. बायकोने वेगळी सभा भरवली. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याला मर्यादा असते, हे जो माणूस चावडीवर मानतो त्याने ते माजघरातही मानावे, यात विसंगती काहीच नाही. पाहायला मात्र ते क्वचित मिळते.

पूर्वपक्ष: मुखत्यारपत्र हाती घेऊन सभेने केले काय? अर्ज. १८७५ च्या सुमारास ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज, की हिंदुस्थानचे प्रतिनिधी तुमच्या सभागृहात घ्या. १८७७ च्या पहिल्या दिवशी दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित केले, तेव्हा काका तिथे मानपत्र घेऊन हजर. अंगावर देशी सूत आणि हातात राजनिष्ठेचा कागद. आणि वकील हा सरकारी सनदेवर जगणारा. तो किती स्वतंत्र असणार?

उत्तरपक्ष: सनदेवर नियंत्रण कोर्टाचे होते, हे खरेच. पण स्वातंत्र्य मोजायचे तर त्या काळच्या पुण्यात दुसरे पर्याय कोणते होते ते पाहावे लागते. महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये न्यायखात्याच्या नोकरीत पुण्यास आले. सभेचा बराचसा विचार त्यांचा होता, निवेदनांमागचा अभ्यास त्यांचा होता. तरी सरकारी चाकर असल्याने त्यांना पडद्याआडच राहावे लागले. एवढे जपूनही १८७८-७९ मध्ये त्यांची नाशिक आणि मग धुळे अशी बदली झाली आणि त्यांच्यावर पाळत राहिली. सरदार-इनामदारांच्या सनदा सरकारच्या मर्जीत, शिक्षकाचा पगार सरकारी अनुदानात. वकिलाची फी मात्र पक्षकाराच्या खिशातून येई आणि त्याला बदलीचा हुकूम निघत नसे. रानड्यांचा अभ्यास आणि काकांचे मोकळेपण अशी ती जोडी होती. समाजासाठी उभे राहायला चांगुलपणाइतकाच स्वतंत्र पोटापाण्याचा धंदा लागतो. पुढच्या दोन पिढ्यांत या देशाच्या राजकारणात वकिलांची एवढी गर्दी का झाली, याचे एक कारण इथे सापडते.

या धंद्यातल्या मिळकतीविषयीचा तुमचा पहिला आक्षेप अजून बाकी आहे. १८७६ च्या सुमारास सभेच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट सुरू झाले आणि काका त्यात आघाडीवर होते. भांडण कोर्टात न नेता दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या पंचांपुढे मिटवायचे, ही ती योजना. ती यशस्वी झाली तर पहिला फटका वकिलाच्याच फीला बसणार, हे उघड होते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला तेव्हा त्यात दाव्याआधी सलोख्याचा प्रयत्न करण्याची तरतूद होती आणि लहान दाव्यांत वकिलांच्या हजेरीवर मर्यादा होती. कोर्टकज्जाने कुळे बुडतात, हे निदान सरकारी कायद्यात उतरण्यापूर्वी त्याच धंद्यातल्या माणसाने कृतीतून मांडले होते. या यंत्रावर वकिलाचे पोट भरते हे खरे, पण या वकिलाने ते यंत्र मंद करण्याची खटपट केली.

राहिला दरबार. जानेवारी १८७२ मध्ये काकांनी देशी कापड वापरण्याचे व्रत घेतले आणि पाच वर्षांनी राजेरजवाड्यांच्या झगमगाटात ते त्याच जाड्याभरड्या पोशाखात उभे राहिले. मानपत्र राजनिष्ठ होते यात शंका नाही. मात्र त्यात मागणी होती ती ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीने राजकीय आणि सामाजिक दर्जा मिळावा अशी. तुम्ही याला अर्जबाजी म्हणता. दावा हरण्याची खात्री असली तरी तो लेखी दाखल करून ठेवणे, म्हणजे उद्या प्रतिपक्षाला ‘आमच्याकडे कोणी मागितलेच नव्हते’ असे म्हणता येऊ नये, ही वकिलाची जुनी शिस्त आहे. अर्जांनी स्वराज्य मिळाले नाही. पण कोणत्या मागण्या नाकारल्या गेल्या याचे दप्तर त्यांनी तयार केले, आणि पुढचे कठोर राजकारण त्या दप्तराचा आधार घेऊनच बोलले. १८९५ मध्ये सभा टिळकांच्या हाती गेली. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात तिचे कार्यकर्ते शेतकऱ्याला सारामाफीचे नियम समजावत गावोगाव फिरू लागले, आणि १८९७ मध्ये सरकारने तिची मान्यता काढून घेतली. निरुपद्रवी अर्जखान्यावर सरकार एवढे चिडत नसते.

पूर्वपक्ष: मग १८७९ चे काय? राणीला मानपत्र देणाऱ्या माणसाने राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या आरोपातून वासुदेव बळवंत फडक्यांचा बचाव केला. तेव्हा एकतर मानपत्र खोटे, नाहीतर बचाव हे नुसते धंद्यातले काम. शिवाय खटला हरलाच. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवले गेले आणि १८८३ मध्ये ते तिथेच वारले. यात गौरवण्याजोगे काय आहे?

उत्तरपक्ष: १८७९ सालचे पुणे आठवा. १३ मेच्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. हे फडक्यांच्या बंडाचेच काम असावे असा सरकारचा तर्क झाला आणि शहरातला शिकलेला ब्राह्मणवर्ग संशयाखाली आला. आग सरकारी पुस्तक भांडारातल्या एका अफरातफर करणाऱ्या कारकुनाने लावली, हे नंतर उघडकीस आले. जुलैत फडके पकडले गेले. सभेच्या एखाद्या पुढाऱ्याला आपली राजनिष्ठा सिद्ध करायची असती तर या खटल्यापासून चार हात लांब राहण्याइतका सोपा मार्ग दुसरा नव्हता. काका आणि महादेव चिमणाजी आपटे आरोपीच्या बाजूने उभे राहिले. हे तेच आपटे, ज्यांनी पुढे पोथ्यांच्या जतनासाठी पुण्यात आनंदाश्रम स्थापला. फडक्यांनी स्वतः लिहिलेले आत्मचरित्र आणि रोजनिशीच पुराव्यात होती. बचाव टिकण्याची आशा फारशी नव्हती.

हे धंद्यातले काम होते, हे तुमचे म्हणणे आम्ही स्वीकारतो आणि त्यालाच महत्त्व देतो. काकांना फडक्यांचा मार्ग पटला होता, असे मानायला आधार नाही. सभेची सगळी हयात त्याच्या उलट वाटेने गेली. पण ज्या तत्त्वावर त्यांनी ६,००० सह्या घेतल्या, तेच तत्त्व एका आरोपीलाही लागू होते: कोणाही माणसाविषयी निर्णय व्हायचा तर त्याने नेमलेला माणूस तिथे त्याच्या बाजूने बोलायला हजर असला पाहिजे. त्या माणसाची मते आपल्याला पटतात की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. ज्याला हे फक्त सोयीच्या पक्षकारासाठी मान्य असते, त्याचे प्रतिनिधित्व म्हणजे टोळीची वकिली. मानपत्र आणि बचाव यांत तुम्हाला विरोध दिसतो, कारण दोन्ही ठिकाणी तुम्ही काकांचे स्वतःचे मत शोधता. दोन्ही ठिकाणी ते दुसऱ्याचे मुखत्यार म्हणून उभे होते.

पूर्वपक्ष: शेवटचा आक्षेप आजचा आहे. तुमचा हा सह्यांचा दंडक दुबळ्यांच्या मुळावर येतो. बिहारच्या तुरुंगांत शिक्षेच्या मुदतीहून जास्त काळ खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न १८७९ नंतर शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात आला, तो वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून वकिलाने केलेल्या अर्जावर. त्या कैद्यांची मुखत्यारपत्रे आणत बसले असते तर ते तिथेच मेले असते. म्हणून तर १९८१ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी एस. पी. गुप्ता खटल्यात तो उंबरठाच काढून टाकला: जो स्वतः कोर्टात येऊ शकत नाही त्याच्यासाठी कोणीही सद्हेतूने यावे. काकांचा नियम आज जनहित याचिकेच्या आड आला असता.

उत्तरपक्ष: अक्षरशः घेतला तर आला असता, हे कबूल. जो सही करू शकत नाही त्याच्यासाठी दार उघडे हवेच. पण उंबरठा काढल्याने जबाबदारी नाहीशी झाली असे समजण्यात धोका आहे, आणि तो मुंबईच्याच एका खटल्यात दिसतो. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथांवरच्या झोपड्या पाडायच्या ठरल्या. त्याविरुद्ध काही पदपथवासी, नागरी हक्कांच्या संघटना आणि ऑल्गा टेलिस यांच्यासारखे पत्रकार न्यायालयात गेले. त्यातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयात पदपथवासीयांच्या वतीने सांगण्यात आले, की पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही मागत नाही आणि १५ ऑक्टोबरनंतर पाडकामाला अडथळा करणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात महापालिकेने तीच कबुली त्यांच्याविरुद्ध वापरली. मूलभूत हक्क असा कबुलीने सोडून देता येत नाही, असे म्हणून न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला म्हणून निभावले. १९८५ च्या त्या निकालात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला, तरी झोपड्या काढायला परवानगी मिळालीच. दुसऱ्याच्या वतीने उच्चारलेल्या एका वाक्याचे वजन हजारो बिऱ्हाडांवर कसे पडते, ते यावरून समजते. तिथे बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता का, हा प्रश्न पुरेसा नाही. ज्यांचे घर जायचे त्यांना विचारले होते का, आणि चुकले तर ते बोलणाऱ्याला जाब विचारू शकतात का, हे पाहावे लागते.

म्हणून काकांच्या नियमाचा गाभा सहीच्या कागदात नाही. तो जाब देण्याच्या बंधनात आहे. सही घेणे हा त्या बंधनाचा १८७० सालचा सगळ्यात सोपा, तपासता येण्याजोगा प्रकार होता. ज्याच्याकडे सही नाही अशा माणसासाठी आज कोणी उभे राहत असेल, तर त्याचे बंधन कमी होत नाही. ते वाढते, कारण त्याला काढून टाकण्याचा अधिकारही त्या पक्षकाराकडे उरलेला नसतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा त्या माणसांत जाणे, काय मागायचे ते त्यांना विचारणे, कोर्टात काय झाले ते परत येऊन सांगणे, आणि ते स्वतः बोलू लागले की बाजूला होणे, एवढे तरी केलेच पाहिजे. सार्वजनिक सभा या कसोटीला पूर्ण उतरली नाही, हे फुल्यांनी दाखवले आणि आम्ही मान्य केले. तरी एखाद्या नामवंत वकिलाचे आयुष्य संपले की त्याने किती संस्थांवर पदे भूषवली, याची मोजदाद करण्यापेक्षा तो ज्यांच्या नावाने बोलला त्यांना त्याला जाब विचारता येत होता का, हे तपासावे. देणग्या आणि अध्यक्षपदे यांना त्या तपासणीत दुय्यम जागा मिळेल, आणि विशेषणे वाटताना आपल्याला बराच हात आखडता घ्यावा लागेल. गणेश वासुदेव जोशी यांच्या बाबतीत तो तितका घ्यावा लागत नाही. नेमले कोणी, या प्रश्नाचा राग न धरता त्यांनी त्याचे उत्तर लेखी दिले.